करारशेती : भावाची हमी व जोखमीची वाटणी

नांगरट, बेणे, खते, औषधे व मजुरी यांवरील खर्च शेतकऱ्यास हंगामाच्या आरंभापासूनच करावा लागतो. त्या खर्चाची भरपाई किती होईल हे मात्र माल बाजार समितीच्या आवारात उतरून लिलाव पुकारला जाईपर्यंत कळत नाही. एके वर्षी चांगला भाव मिळाला म्हणून पुढील वर्षी अनेकांनी तेच पीक घ्यावे आणि भाव कोसळावा, हा अनुभव कांदा, टोमॅटो व बटाटा पिकविणाऱ्यांस नवा नाही. अशा स्थितीत पेरणीपूर्वीच भाव ठरवून देणारा खरेदीदार दारी आला, तर शेतकऱ्यास त्याचा आधार वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु करारात भावाखेरीज इतरही अनेक अटी असतात, आणि शेतकऱ्याचे हित वा अहित बहुधा त्या अटींवरच अवलंबून राहते. म्हणून करारशेतीचा विचार करताना केवळ दर पाहून भागत नाही. कोणती जोखीम कोणाच्या माथी राहते, हे पाहावे लागते.

करारशेती म्हणजे काय?

पेरणीपूर्वी अथवा पेरणीच्या सुमारास शेतकरी व खरेदीदार यांनी अमुक प्रतीचा माल, अमुक मुदतीत, अमुक दराने देण्याघेण्याचे ठरविणे, यास करारशेती असे म्हणतात. जमीन खंडाने देणे किंवा बटाईने लावणे याहून ही पद्धत वेगळी आहे. खंडात जमिनीचा ताबा दुसऱ्याकडे जातो. करारशेतीत जमीन, तिचा ताबा व कसणूक शेतकऱ्याकडेच राहते, व खरेदीदाराचा संबंध केवळ मालाशी येतो. कित्येक करारांत खरेदीदार बियाणे, खते, औषधे व तांत्रिक सल्ला पुरवितो आणि त्यांची किंमत शेवटच्या हिशेबातून वळती करून घेतो.

शेतीच्या धंद्यात मुख्यतः चार प्रकारची जोखीम असते. पहिली भावाची, दुसरी उत्पादनाची, तिसरी मालाच्या प्रतीची आणि चौथी पैशाच्या वसुलीची. खुल्या बाजारात विक्री करणाऱ्या शेतकऱ्यावर यांतील बहुतेक सर्व जोखीम पडते. करारामुळे पहिली जोखीम कमी होते हे खरे. परंतु उरलेल्या तिन्हींचे काय होते, हे कराराच्या कलमांवर अवलंबून असते.

इतिहासातील एक धडा

पीक कोणते घ्यावयाचे व कोणत्या दराने द्यावयाचे हे खरेदीदाराने ठरविण्याची पद्धत आपल्या देशात जुनी आहे. बिहारमधील चंपारण जिल्ह्यात निळीच्या मळेवाल्यांनी 'तीनकठिया' नावाची पद्धत चालविली होती. तिच्यानुसार कुळास आपल्या जमिनीपैकी दर वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठ्यांत निळीचे पीक घ्यावेच लागे. मोबदला क्षेत्रावर ठरे व तोही मळेवालाच ठरवी. पुढे जर्मनीत तयार झालेला कृत्रिम रंग बाजारात आल्यावर नैसर्गिक निळीची मागणी घटली. तेव्हा आपले नुकसान स्वतः सोसण्याऐवजी मळेवाल्यांनी, निळीच्या बंधनातून मुक्त करण्याच्या मोबदल्यात, कुळांकडून वाढीव सारा व एकरकमी भरपाई घेण्यास आरंभ केला. १९१७ साली महात्मा गांधी चंपारणास गेले, चौकशी समिती नेमली गेली आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया पद्धत बंद झाली.

आजच्या करारशेतीत अशी सक्ती नाही. करार स्वेच्छेचा असतो. तरीही चंपारणचा एक धडा आजही लागू पडतो. खरेदीदाराची बाजारपेठ खालावली म्हणजे तो आपले नुकसान पुढे ढकलू पाहतो. ते शेतकऱ्यापर्यंत पोचू नये अशी तरतूद करारात नसेल, तर अखेर ते शेतकऱ्याकडेच येते.

खरेदीदारास कराराची गरज का भासते?

करारातील आपले बळ ओळखावयाचे असेल, तर समोरच्याची गरज समजून घेतली पाहिजे. जळगाव येथे कांदा वाळवून त्याच्या चकत्या व भुकटी तयार करण्याचा उद्योग आहे. त्यासाठी पांढऱ्या सालीचा, घट्ट व कमी पाण्याचा कांदा लागतो. शंभर किलो कांद्यात घन पदार्थ दहा किलो असतील तर वाळलेला माल जेमतेम दहा किलो मिळेल. पंधरा किलो असतील तर माल दीडपट होईल आणि पाणी उडविण्यास लागणारे इंधनही वाचेल. असा कांदा बाजारात पुरेशा प्रमाणात मिळत नाही. म्हणून खानदेशात या कामासाठी निवडलेल्या जातीचे बी देऊन कराराने पांढऱ्या कांद्याची लागवड करून घेण्यात येते.

बटाट्याच्या बाबतीतही असेच आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर खरिपात बटाटा घेतला जातो. चिप्स तयार करणाऱ्या कारखान्यांस अधिक घन पदार्थ व कमी साखर असलेला बटाटा लागतो. साखर अधिक असल्यास तळल्यावर चकती तांबूस पडते. भाजीच्या बटाट्यावर हे काम नीट होत नाही.

खरेदीदाराची गरज जितकी विशेष, तितका त्याचा कराराकडे ओढा अधिक असतो. परंतु या गोष्टीस दुसरी बाजू आहे. एखाद्या मालास कारखान्याबाहेर गिऱ्हाईकच नसेल, तर तो नाकारला गेल्यावर शेतकऱ्यास दुसरे दार राहत नाही. दक्षिणेतील राज्यांत लोणच्यासाठी करारावर पिकविली जाणारी घेर्किन काकडी याचे ठळक उदाहरण आहे. ती निर्यातीसाठीच पिकवितात. गावच्या बाजारात तिला मागणी नाही. पांढरा कांदा वा बटाटा नाकारला गेला तर निदान काही किमतीस विकता तरी येतो. करार करण्यापूर्वी या फरकाचा विचार अवश्य करावा.

करारापासून होणारे लाभ

करार चांगला असेल व तो पाळला गेला, तर शेतकऱ्यास त्याचे लाभ निश्चित आहेत. दर आधी ठरल्याने किती क्षेत्र लावावे व किती खर्च करावा याचा अंदाज बांधता येतो. बियाणे उधारीवर मिळाल्याने सावकाराकडे वा दुकानदाराकडे जावे लागत नाही. बटाट्यासारख्या पिकात हा लाभ मोठा आहे, कारण एकरी सुमारे ८ ते १० क्विंटल बेणे लागते आणि खर्चाचा मोठा भाग बेण्यावरच होतो. खरेदीदाराचा माणूस शेतावर येत असल्याने नवी जात, ठिबक सिंचन व औषधांचा योग्य वापर यांची माहिती मिळते. शिवाय माल थेट केंद्रावर जात असल्यास आडत, हमाली व तोलाई यांवरील खर्च वाचतो.

मात्र ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे व थोडेफार अधिक क्षेत्र आहे, त्याच्याशी करार करणे खरेदीदारास सोयीचे असते. शंभर लहान शेतकऱ्यांशी व्यवहार करण्यापेक्षा दहा मोठ्या बागायतदारांशी करणे त्यास स्वस्त पडते. म्हणून कोरडवाहू अल्पभूधारकापर्यंत हा लाभ आपोआप पोचत नाही. तो पोचावयाचा तर अशा शेतकऱ्यांनी गटाने पुढे यावे लागते.

दर मोठा की प्रतवारी मोठी?

करारातील दर सर्वांच्या नजरेत भरतो. प्रतवारीचे कलम मात्र पुष्कळदा वाचलेही जात नाही. पुढील हिशेबावरून त्याचे महत्त्व ध्यानी येईल. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, एका एकरात ७० क्विंटल बटाटा निघाला व कराराचा दर क्विंटलला १,५०० रुपये आहे. फार लहान, हिरवे पडलेले वा कापलेले बटाटे म्हणून दहा टक्के, म्हणजे ७ क्विंटल, माल नाकारला गेला व तो गावात ६०० रुपये दराने विकला. तर ६३ क्विंटलचे ९४,५०० रुपये व नाकारलेल्या मालाचे ४,२०० रुपये, मिळून ९८,७०० रुपये होतात. आता त्याच शेतात, त्याच दराने, पंचवीस टक्के माल नाकारला गेला असे धरू. तर ५२.५ क्विंटलचे ७८,७५० रुपये व १७.५ क्विंटलचे १०,५०० रुपये, मिळून ८९,२५० रुपये होतात. म्हणजे दर तोच असूनही एकरी ९,४५० रुपये कमी मिळाले.

हे नुकसान भरून निघण्यास कराराचा दर १,५०० ऐवजी १,६८० रुपये असावा लागेल. यावरून असे दिसते की, कडक प्रतवारीचा चढा दर हा सैल प्रतवारीच्या बेताच्या दरापेक्षा हलका ठरू शकतो. बेणे व औषधे यांची वळती रक्कम तर दोन्ही प्रसंगी तेवढीच राहते. त्यामुळे हातात पडणाऱ्या निव्वळ रकमेवर हा फरक अधिकच जाणवतो.

म्हणून प्रतवारीचे निकष मोजता येण्याजोगे असावेत. 'चांगल्या प्रतीचा माल' असे मोघम शब्द करारात असता कामा नयेत. आकार किती मिलिमीटर, दोषी मालाचे प्रमाण किती टक्क्यांपर्यंत चालेल, नमुना कोण काढणार व शेतकरी त्या वेळी हजर राहणार की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. कारखान्याच्या आवारात, शेतकऱ्याच्या पाठीमागे झालेली प्रतवारी तंट्यास कारण होते.

मांसल कोंबड्यांचे करारी संगोपन

आज महाराष्ट्रात करार पद्धतीचा मोठा प्रसार ब्रॉयलर, म्हणजे मांसल कोंबड्यांच्या व्यवसायात झालेला आहे. यात कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य व औषधे पुरविते. शेतकऱ्याने शेड, पाणी, वीज, तूस व मजुरी पुरवावयाची असते. सुमारे सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो व कंपनी तो उचलून नेते. शेतकऱ्यास जिवंत वजनावर किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. कोंबडीच्या उत्पादन खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असल्याने, तो भार अंगावर न घेता अल्पभांडवली शेतकरी हा धंदा करू शकतो. कोंबडीचा भाव पडला तरी त्याचा थेट फटका त्यास बसत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लूचा रोग आढळला, तसेच २०२० च्या आरंभी कोंबडीमुळे करोना पसरतो अशी खोटी अफवा उठली. त्या दोन्ही वेळी मागणी एकाएकी घटली. स्वतःच्या भांडवलावर कोंबड्या पाळणाऱ्यांचे हाल अशा वेळी अधिक होतात.

परंतु येथेही जोखीम नाहीशी होत नाही, ती केवळ रूप बदलते. मोबदला हा एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले व मरतूक किती झाली यांवर वाढतो वा घटतो. पिल्लेच अशक्त आली किंवा खाद्य हलके निघाले तरी मोबदला शेतकऱ्याचाच कापला जातो, जर करारात त्याविरुद्ध तरतूद नसेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन तुकड्यांमधील रिकामे दिवस. बाजार मंद असला की कंपनी नवी पिल्ले टाकण्यास विलंब करू शकते. शेड रिकामी राहते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पाच-सात वर्षांच्या कर्जावर शेड बांधावयाची आणि करार एकेका तुकडीपुरता करावयाचा, ही मेळ नसलेली गोष्ट आहे. वर्षात निदान किती तुकड्या मिळतील हे कराराने बांधून घेतल्याखेरीज शेडसाठी जमीन तारण ठेवू नये.

करार मोडणे, दोन्ही बाजूंनी

करार खरेदीदाराकडूनच मोडला जातो असे नाही. बाजारभाव कराराच्या दरापेक्षा वर गेला की कित्येक शेतकरी माल बाहेर विकतात. त्या हंगामात चार पैसे अधिक मिळतात. पण खरेदीदार पुढील वर्षी त्या गावात येत नाही, किंवा आला तर अधिक जाचक अटी घेऊन येतो. उलट भाव पडला की काही खरेदीदारांची प्रतवारी अचानक कडक होते. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. ते म्हणजे ताठर दर. किमान दराची हमी असावी आणि बाजारभाव त्याहून अधिक असल्यास ठरलेल्या सूत्राने शेतकऱ्यास वाढीव दर मिळावा, अशी रचना केल्यास करार मोडण्याचा मोह दोन्ही बाजूंस कमी होतो.

बियाण्याच्या हक्काबाबतही सावध राहावे. गुजरातमध्ये २०१९ साली एका कंपनीने आपली नोंदणीकृत बटाट्याची जात विनापरवाना लावली म्हणून काही शेतकऱ्यांवर दावे लावले होते. लोकांतून विरोध झाल्यावर ते त्याच वर्षी मागे घेण्यात आले. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेखाली विकता येत नाही. कराराने मिळालेल्या बेण्यातून उरलेल्या मालाचे काय करावयाचे, हे करारातच लिहून घेणे इष्ट होय.

हमीच्या नावाखाली फसवणूक

'माल आम्हीच परत घेऊ' असे सांगणारी प्रत्येक योजना ही करारशेती नव्हे. तामिळनाडूतील पेरुंदुरै भागात २०१२ साली एमू पक्ष्यांच्या योजना कोसळून हजारो लोकांच्या ठेवी बुडाल्या. सांगली व आसपासच्या जिल्ह्यांत २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत असेच झाले. शेतकऱ्यांनी आरंभी मोठी रक्कम भरावयाची, त्यांस पक्षी द्यावयाचे व अंडी आणि पक्षी बाजारापेक्षा कितीतरी चढ्या दराने परत घेण्याचे वचन द्यावयाचे, असा हा प्रकार होता. खरेदी थांबल्यावर पक्षी, खाद्याचा खर्च व कर्ज एवढेच शेतकऱ्याकडे उरले.

अशा योजना ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या करारात खरेदीदार आपला पैसा बियाणे, पिल्ले वा खाद्य यांच्या रूपाने शेतकऱ्याकडे गुंतवितो. फसव्या योजनेत शेतकऱ्याचा पैसा आधी योजनावाल्याकडे जातो. तयार माल शेवटी कोण खातो व त्यास काय किंमत देतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल तर त्या वाटेस जाऊ नये.

कायद्याची स्थिती

केंद्र शासनाने २००३ साली तयार केलेल्या नमुना बाजार कायद्यात करारशेतीची तरतूद होती. महाराष्ट्राने १९६३ च्या आपल्या कृषि उत्पन्न पणन कायद्यात २००६ साली दुरुस्ती करून या पद्धतीस मान्यता दिली. २०२० साली केंद्राने करारशेतीसंबंधी स्वतंत्र कायदा केला होता. परंतु त्यास जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संसदेने तो रद्द केला. त्या कायद्याचा हवाला देऊन कोणी करार पुढे केल्यास तो स्वीकारू नये.

पैशाच्या वसुलीबाबत उसाचे उदाहरण बोधप्रद आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावी लागते व विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज आकारले जाते. हा नियम असूनही थकबाकीच्या तक्रारी होतात, हे ऊस उत्पादकांस ठाऊकच आहे. मग ज्या पिकांस असा आदेशच नाही, तेथे पैसे देण्याची मुदत व विलंबाचे व्याज करारात लिहून घेणे किती आवश्यक आहे हे वेगळे सांगावयास नको.

सही करण्यापूर्वी

(१) करार मराठीत व लेखी असावा. त्याची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी व कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करून घ्यावी. याबाबत बाजार समितीत चौकशी करावी.

(२) कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर वा कोऱ्या धनादेशावर कदापि सही करू नये. जमिनीचा ताबा वा हक्क देणारे कलम करारात नाही याची खात्री करावी.

(३) किमान दर, बाजारभाव वाढल्यास द्यावयाची वाढ, प्रतवारीचे निकष व वजन कोठल्या काट्यावर होणार, हे आकड्यांत लिहिलेले असावे.

(४) ठरलेल्या तारखेस माल उचलला न गेल्यास होणारी घट व नासाडी खरेदीदाराने सोसावी. पक्षी ठरल्याहून अधिक दिवस शेडमध्ये राहिल्यास खाद्याचा वाढीव वापर शेतकऱ्याच्या हिशेबी धरला जाऊ नये.

(५) गारपीट, अतिवृष्टी वा रोगामुळे पीक गेल्यास बेण्याच्या व औषधांच्या उधारीचे काय होईल, हे आधी ठरवावे. ते पीक आपल्या भागात विम्यासाठी अधिसूचित आहे काय, याची कृषि कार्यालयात चौकशी करावी.

(६) दिलेल्या प्रत्येक वस्तूची पावती घ्यावी. खरेदीदाराचा दर दुकानातील दराशी ताडून पाहावा; पुष्कळदा भावात दिलेले निविष्ठांच्या किमतीत परत घेतले जाते.

(७) पहिल्याच वर्षी सर्व क्षेत्र करारास लावू नये. घरची ज्वारी, बाजरी, डाळ व जनावरांचा चारा यांची सोय राखून उरलेल्या क्षेत्रातूनच आरंभ करावा.

(८) एकट्याने करार करण्याऐवजी गटाने अथवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत करावा. एकट्याचा माल नाकारणे सोपे असते. गावातील पन्नास शेतकऱ्यांचा माल एकदम नाकारणे कारखान्यास परवडत नाही.

समारोप

शेतकऱ्याने कारखान्याशी आधीच नाते जोडावे ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाही. प्रवरानगर येथे १९५० साली ऊस उत्पादकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचाच साखर कारखाना उभा केला, तेव्हा माल देणारा व घेणारा एकच झाला होता. प्रत्येक पिकास तशी सोय होणे शक्य नाही. म्हणून करारशेतीस स्थान आहे व पुढेही राहील. मात्र करार हा शेतकऱ्यास भाव देणारा कागद नसून, नुकसान झाल्यास ते कोणी सोसावयाचे हे ठरविणारा कागद आहे, ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी. दराचा आकडा वाचण्यास एक मिनिट पुरते. उरलेली कलमे वाचण्यास एक संध्याकाळ खर्च करावी, न समजल्यास चार जाणत्यांस किंवा कृषि सहायकास विचारावे, आणि मगच सही करावी. त्या एका संध्याकाळच्या विचाराने वर्षाची कमाई व वडिलोपार्जित जमीन या दोहोंचे रक्षण होईल.